कॉलेज बघायला जाताना



आज पिकावर नाही, पोराबाळांच्या शिक्षणावर बोलायचं आहे. बारावीचा निकाल लागला की आपल्या टेंभुर्णीसारख्या गावात घरोघरी एकच विषय असतो. पोराला कुठं घालायचं? पोरीला कुठं पाठवायचं? कुणी पाहुणा एक नाव सांगतो, कुणी दुसरं. पत्रकावर मोठी इमारत छापलेली असते. आणि चार वर्षांचा निर्णय तेवढ्यावरच होऊन जातो.

सांगोल्याच्या बाजारात खिलार खोंड घ्यायचा असला तर आपण काय करतो? दात बघतो, खुरं बघतो, चालवून बघतो. मगच इसार देतो. कॉलेज मात्र पुष्कळदा न बघता घेतो. कारण विचारलं तर लोक म्हणतात, "तिथं शिकलेली माणसं. आपल्याला त्यातलं काय कळणार?"

मंडळी, आपल्याला पुष्कळ कळतं. कॉलेज कसं बघावं, एवढंच आधी ठरवून जायला हवं.

न बघता का जाऊ नये

कृषी पदवीचंच उदाहरण घेऊ. राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ १९६८ साली स्थापन झालं. पुण्याचं कृषी महाविद्यालय त्याहून जुनं, १९०७ सालचं. आज आपल्या भागातली सरकारी आणि खासगी कृषी महाविद्यालयं या राहुरीच्या विद्यापीठाच्या कक्षेत येतात. अभ्यासक्रम एक, पदवीवर विद्यापीठाचं नाव एक. मग कॉलेजा-कॉलेजात फरक कशात? फरक असतो शिवारात, प्रयोगशाळेत, आणि शिकवणाऱ्या माणसांत. या तिन्ही गोष्टी पत्रकात दिसत नाहीत. त्या जाऊनच बघाव्या लागतात. इंजिनिअरिंग, फार्मसी, नर्सिंग, कशालाही जायचं असलं तरी हीच गोष्ट लागू पडते.

कधी जावं, कुणी जावं

प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या की पसंतीक्रम भरायला थोडेच दिवस हातात असतात. त्या गडबडीत बघणं होत नाही. म्हणून पोरगं अकरावीत असताना, किंवा बारावीच्या दिवाळीआधी, खुरपणी आटोपल्यावर दोन-तीन दिवस काढावेत. सुट्टीच्या दिवशी जाऊ नये. रविवारी कॉलेजच्या भिंती तेवढ्या दिसतात. कामाच्या दिवशी सकाळी साडेदहा-अकराला पोचावं, म्हणजे तास चालू असलेले दिसतात.

टेंभुर्णी महामार्गावर आहे, ही आपली सोय. एका अंगाला सोलापूर, दुसऱ्या अंगाला पुणे. करमाळ्यावरून अहिल्यानगर, राहुरी. पंढरपूरवरून सांगोला आणि पुढं कोल्हापूरची वाट. एका दिशेची दोन कॉलेजं एका फेरीत बघून होतात. मात्र एका दिवसात दोनापेक्षा जास्त बघू नयेत. तिसऱ्या ठिकाणी डोळे थकतात आणि सगळी सारखीच वाटू लागतात.

ज्याला शिकायचं आहे त्याला सोबत न्यावंच. आईलाही न्यावं. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे. वसतिगृहातलं पाणी, संडास, स्वयंपाकघर आईच्या नजरेला जसं दिसतं तसं आपल्याला दिसत नाही. पोरीचं कॉलेज असेल तर मुलींच्या खोल्यांपर्यंत आईच जाऊ शकते.

जाण्याआधी एक काम गावातच होतं. कृषीची मुलं-मुली शेवटच्या वर्षी ग्रामीण कार्यानुभवासाठी गावोगाव येतात. तक्ते लावतात, बीजप्रक्रिया करून दाखवतात. ती आली की त्यांना चहाला बोलवा आणि सरळ विचारा, "बाळा, तुझं कॉलेज कसं आहे? धाकट्या भावाला तिथंच घालशील का?" शेवटच्या वर्षाचं पोरगं खोटं बोलत नाही. त्याला तिथं काही मिळवायचं राहिलेलं नसतं.

काय बघावं

कचेरीत पाहुणचार होतो, चहा येतो. तो घ्यावा, पण तिथंच बसून राहू नये. "आम्हाला जरा फिरून बघायचं आहे," असं नम्रपणे सांगावं. चांगलं कॉलेज नाही म्हणत नाही. जिथं नुसतं दारातूनच दाखवतात, तिथं का ते समजून घ्यावं.

कृषी महाविद्यालय असेल तर आधी शेतावर जा. इथं तर परीक्षक तुम्हीच. रान कसलेलं आहे की पाट्या लावून ठेवलेलं आहे, हे तुम्हाला बांधावरूनच कळेल. ठिबकच्या नळ्या ओल्या आहेत का? गोठ्यात जनावरं आहेत का, आणि असतील तर त्यांची अंगं कशी आहेत? मुलांना स्वतः पीक काढायला वाफे दिले आहेत का? वाफा दाखवणाऱ्या मुलाला पेरणीची तारीख आणि खताची मात्रा विचारा. त्यानं झटकन सांगितलं तर काम त्यानंच केलं आहे. तो गड्याकडं बघू लागला तर समजून घ्या.

प्रयोगशाळेत यंत्रं किती आहेत हे मोजू नका. ती वापरात आहेत का ते बघा. धूळ, गंज, न उघडलेली खोकी, हे सगळं बोलतं. एका वेळी किती मुलांचा गट प्रयोग करतो, ते विचारा. वीस मुलांत एक यंत्र असलं तर दोघं हात लावतात आणि अठरा वहीत उतरून घेतात.

ग्रंथालयात चार पुस्तकं काढून बघा. पुष्कळ ठिकाणी पुस्तकाला तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असते. शेवटची तारीख पाच वर्षांपूर्वीची असेल तर ते पुस्तक नुसतं कपाटाची शोभा आहे.

दुपारी मेसमध्ये पैसे देऊन मुलांच्या पंगतीत जेवा. अर्ध्या तासात कचेरीपेक्षा जास्त माहिती तिथं मिळते. तास नियमित होतात का? शिकवणारे टिकतात की दर वर्षी बदलतात? आजारी पडलं तर दवाखान्यात कोण नेतं? रॅगिंगचा त्रास आहे का? महाराष्ट्रात रॅगिंगला १९९९ च्या कायद्यानं बंदी आहे. तक्रार कुणाकडं करायची, याचा फलक दर्शनी लावलेला आहे का, तेही बघून घ्या.

कागद आणि पैसा

आता सगळ्यात महत्त्वाचं. कॉलेजला मान्यता कुणाची आहे? कृषीचं असेल तर कृषी विद्यापीठाची संलग्नता हवी. इंजिनिअरिंगला अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची, फार्मसीला भारतीय औषधनिर्माण परिषदेची मान्यता लागते. "मान्यता आहे" या शब्दावर थांबू नका. पत्र मागा, आणि त्यावर कोणत्या वर्षाची तारीख आहे ते पोराकडून वाचून घ्या. "प्रस्ताव पाठवलाय, येईलच," असं उत्तर आलं तर तिथून उठावं.

फी विचारताना पहिल्या वर्षाची एकटी विचारू नका. सगळ्या वर्षांची विचारा. शिक्षण शुल्क, परीक्षा, वसतिगृह, अनामत, मेस, गणवेश, सहली, जाणं-येणं, सगळं एका कागदावर मांडा. समजा, मेसचे महिन्याला साडेतीन हजार धरले आणि वर्षाचे दहा महिने धरले, तर वर्षाला पस्तीस हजार होतात. चार वर्षांचे झाले एक लाख चाळीस हजार. हा आकडा पत्रकात कुठंच नसतो, पण द्यायचा तुम्हालाच असतो. अर्धवट हिशेबावर ट्रॅक्टर किंवा रान गहाण टाकायची पाळी येते, ती अशीच.

खासगी विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांची फी राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देतं. २०१५ च्या कायद्यानं तशी व्यवस्था झाली आहे. मंजूर फी किती, ते विचारा. त्यावर कुणी देणगी म्हणून, बिनपावतीची रक्कम मागितली तर देऊ नका. असं पैसे घेणं महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्यानं गुन्हा आहे.

आता दलालाविषयी. "सीट पक्की करून देतो, फेरीची वाट कशाला बघता?" असं म्हणणारा भेटतोच. त्यात आपलं दुहेरी नुकसान आहे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतल्या, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. पण ही सवलत सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून आलेल्यांना आहे. व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतली की ती हातची गेली. म्हणजे दलालाला पैसे द्यायचे आणि माफ होणारी फीही भरायची. पोरांसाठीही राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शुल्क शिष्यवृत्ती आहे. अल्पभूधारकांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात जाऊन विचारा, "गेल्या वर्षी किती मुलांचे अर्ज मंजूर झाले?" जिथला कारकून नीट उत्तर देतो, तिथं पोराचा अर्ज पडून राहणार नाही.

उत्पन्नाचा दाखला, अल्पभूधारकाचा दाखला वगैरे कागद माढ्याच्या तहसीलमधून आधीच काढून ठेवा. जातीच्या पडताळणीला तर वेळ लागतोच. आणि मूळ दाखले कॉलेजात ठेवून घेण्याविषयी सावध राहा. तपासून परत द्यावेत, अडकवून ठेवू नयेत, असं विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१८ साली महाविद्यालयांना बजावलं आहे.

"शंभर टक्के नोकऱ्या" असा फलक दिसला तर तीन गोष्टी विचारा. मागच्या वर्षी पास किती झाले? नोकरीला किती लागले? पगार काय? आणि त्यातल्या दोघांशी बोलायला मिळेल का, हेही विचारा.

पोराला बोलू द्या

एक गोष्ट आम्ही वडीलधाऱ्यांना मुद्दाम सांगतो. सगळे प्रश्न आपणच विचारू नका. निम्मे पोराला विचारू द्या, मग ते अडखळत का होईना. चार वर्षं तिथं त्याला एकट्याला राहायचं आहे. आणि परतीच्या एसटीत लगेच आपलं मत सांगू नका. आधी त्याला विचारा, "तुला कसं वाटलं?" पोरगी म्हणाली, मला इथं नको, तर का ते ऐका. तिला जे खटकलं ते आपल्या ध्यानातही आलेलं नसेल.

त्याच रात्री घरी वहीत लिहून ठेवा. एका पानावर एक कॉलेज. चांगलं काय, वाईट काय, खर्च किती. कॉलेजात उभ्या उभ्या पैसे भरू नका. "आज भरलं नाही तर जागा जाईल," असं म्हणणाऱ्याला हात जोडून निरोप द्या. पसंतीक्रम भरायची वेळ आली की ही वही पुढं घ्या. जे न्याहाळून मनात भरलं ते वर, बाकीचं खाली. न बघितलेलं नाव निव्वळ ऐकीव मोठेपणावर वर टाकू नका.

थोडक्यात लक्षात ठेवा

१. बारावीच्या निकालाची वाट न बघता आधीच कॉलेज बघून या. कामाच्या दिवशी जा.

२. पोराला आणि त्याच्या आईला सोबत न्या.

३. कचेरीबाहेर पडा. शेत, प्रयोगशाळा, ग्रंथालय, वसतिगृह आणि मेस बघा.

४. शिकणाऱ्या मुलांशी एकांतात बोला.

५. मान्यतेचं चालू वर्षाचं पत्र आणि सगळ्या वर्षांचा खर्च लिहून घ्या.

६. बिनपावतीचा एक रुपया देऊ नका. दलालामार्फत जागा घेऊ नका.

७. घरी येऊन, रात्र मध्ये जाऊ देऊन, पोराशी बोलूनच ठरवा.

मंडळी, बियाणं पारखून घेतल्याशिवाय आपण पाभर धरत नाही. हे तर आपल्या लेकराचं आयुष्य आहे. जा, बघा, विचारा. विचारताना संकोच करू नका. नमस्कार.