मिशनरी कुटुंबाकडे राहायला जाताय? मग घराबाहेरही रुळा!

हेडफोन लावलेत ना? आज जरा घरगुती गप्पा. परदेशात मिशनरी कुटुंबाकडे राहून स्वयंसेवा करायची असेल, तर तिथे रुळायचं कसं? मी केनियात किजाबेला राहिले होते, त्यामुळे तिथलंच सांगते.

किजाबे नैरोबीच्या वायव्येला, रिफ्ट व्हॅलीच्या कड्यावर आहे. १९१५ पासून तिथे मिशनचं हॉस्पिटल आहे. आफ्रिका म्हणजे उकाडा असं वाटतं ना? किजाबे सुमारे २,२०० मीटर उंचीवर आहे, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षा बरंच उंच. स्वेटर न्याच!

जाण्याआधी दोन कामं करा. एक, पर्यटक म्हणून जाऊन तिथे काम करता येत नाही, बिनपगारी असलं तरी. बोलावणाऱ्या संस्थेकडून योग्य परवाना काढून घ्या. दोन, पिवळ्या तापाची लस. केनियातून भारतात परतताना तिचं प्रमाणपत्र लागतं, आणि ते लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतं. नसेल तर विमानतळावरून थेट विलगीकरणात!

आता घरातलं. पाहुणा दोन दिवसांनी जातो, तुम्ही जाणार नसता. तुम्ही कामवाले नाही आणि घरचेही नाही. मग काय होतं, तर पहिल्या आठवड्यात भांडी तुम्ही हौसेने घासता, तिसऱ्या आठवड्यात ती तुमचीच होऊन बसतात. कोणी वाईट नसतं, फक्त कोणी काही ठरवलेलं नसतं. म्हणून पहिल्याच आठवड्यात बसून बोला. कामाचे तास किती? सुट्टीचा वार कोणता? मुलांना सांभाळणं माझ्या कामात धरलंय का? जेवणाखाण्याचे पैसे किती द्यायचे? मोकळेपणाने विचारा, राग येत नाही कोणाला.

प्रार्थनेचंही तसंच. मिशनरी घरात जेवणाआधी प्रार्थना असते, रविवारी चर्च असतं. तुमची श्रद्धा वेगळी असेल, किंवा नसेलच, तर ते निघण्याआधीच सांगा. मी सांगितलं होतं, 'शांत बसेन, पण म्हणणार नाही.' त्यांनी मान डोलावली आणि डाळीचं भांडं पुढे केलं. विषय संपला. पण हेच लपवून गेलात, तर रोज तीन वेळा नाटक करावं लागतं.

आणखी एक. जे काम तुम्हाला आपल्या इथे कोणी करू देणार नाही, ते तिथेही करायचं नाही. इंजेक्शन द्यायचं शिक्षण नसेल, तर तिथला पेशंट गरीब आहे म्हणून ते आपोआप येत नाही. मुलांचे फोटो काढून स्टेटसला टाकणं? आधी आईवडिलांना विचारा.

आता माझा खरा मुद्दा. धोका घरात न रुळण्याचा नाही, घरातच फार रुळण्याचा आहे. वायफाय आहे, इंग्रजी आहे, ओळखीचे चेहरे आहेत. मग सहा महिने आफ्रिकेत राहून तुम्ही बघता काय, तर एका परदेशी कुटुंबाचा दिवाणखाना!

म्हणून बाहेर पडा, स्वाहिली शिका. काही शब्द ओळखीचे निघतात: चाय, चपाती, साबणाला 'साबुनी', हिशेबाला 'हेसाबु', विम्याला 'बिमा'. घड्याळ मात्र सांभाळा. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात, म्हणजे सकाळी सात वाजता 'एक' वाजतो! 'सा ताटू', म्हणजे तीन वाजता ये, असं सकाळी कोणी म्हणालं, तर नऊला जायचं. आपण 'बंड्याची आई' म्हणतो, तसं तिथे बाईला मुलाच्या नावाने 'मामा अमुक' म्हणतात. आणि भाजीवालीला पैसे द्यायला एम-पेसा आहेच. आपलं यूपीआय २०१६ चं, त्यांचं हे २००७ पासून चालू आहे.

हीच गोष्ट उलट दिशेने आपल्याकडेही घडलीय. १८२७ साली सिंथिया फॅरार नावाची अविवाहित अमेरिकन शिक्षिका मिशनरी कुटुंबांसोबत जहाजाने मुंबईला आली. मिशनच्या वर्तुळात राहून परत जाता आलं असतं. पण ती मराठी शिकली, मुलींच्या शाळांमध्ये काम केलं, १८३९ मध्ये अहमदनगरला गेली आणि १८६२ मध्ये तिथेच वारली. तिचा धर्मप्रचाराचा हेतू तुम्हाला पटो न पटो, पण ती आपल्यात रुळली ती घराबाहेर पडून, मराठी बोलून.

तर मंडळी, कुटुंबाशी स्पष्ट बोला आणि गावाशी त्याच्या भाषेत बोला. कोणी निघायच्या तयारीत असेल, तर हा भाग त्याला नक्की पाठवा. पुढच्या भागात भेटू, तोवर 'क्वाहेरी', म्हणजे आपलं 'येते हं'!