तबकडीची मोजणी



ज्या गावात केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्थेचे कार्य चालते, ज्या गावाचे धरण १२ जुलै १९६१ रोजी पानशेतच्या लोंढ्याने फुटले आणि पुढे पुन्हा उभे राहिले, त्या खडकवासल्याच्या श्रोत्यांना पाण्याच्या पातळीची एकेक नोंद किती मोलाची असते हे मी सांगावयास नको. परंतु त्या नोंदी ज्या तबकडीवर साठवावयाच्या ती ज्या एका आज्ञेने सिद्ध होते, त्या आज्ञेसरशी काय काय कायमचे ठरून जाते याचा विचार फारच थोडे लोक करतात.

नव्या हार्ड डिस्कचे पार्टिशन पाडले म्हणजे केवळ हद्द कायम झाली. कोणती फाइल कोठे सुरू होते, कोणाच्या मालकीची आहे, मोकळा भाग किती, याचे दप्तर, म्हणजे फाइलसिस्टीम, अद्याप अस्तित्वातच नसते. १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात जमिनीची जी मोजणी आरंभिली, तिने जमीन निर्माण केली नाही. असलेल्या जमिनीला नंबर दिले, क्षेत्र ठरविले आणि आकारणीचे खाते उघडले. लिनक्सवर ‘एमकेएफएस डॉट ईएक्सटी४’ ही आज्ञा हेच करते. सामान्यतः ती ४,०९६ बाइटांचा एक ब्लॉक धरते, ३२,७६८ ब्लॉकांचा एक गट पाडते, आणि मुख्य दप्तराच्या, म्हणजे सुपरब्लॉकच्या, प्रती काही ठरावीक गटांत ठेवते. मूळ प्रत बिघडली तर दुरुस्तीस त्या उपयोगी पडतात. तबकडीच निकामी झाली तर मात्र त्या सर्व एकदमच जातात, म्हणून नोंदींची दुसरी प्रत दुसऱ्या ठिकाणी असलीच पाहिजे.

आज्ञा देण्यापूर्वी ‘एलएसबीएलके’ म्हणून तबकड्यांची यादी पाहावी, आणि आकार व नाव दोन्ही ताडून घ्यावीत. ‘/डेव्ह/एसडीबी१’ हे नाव यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर दुसऱ्याच तबकडीला मिळू शकते, आणि एका अक्षराच्या चुकीने दुसऱ्याच्या मिळकतीवर नवे दप्तर चढते. जुनी फाइलसिस्टीम आढळल्यास अलीकडील आवृत्त्या ‘पुढे जावे काय?’ असे विचारतात. त्या प्रश्नाला सवयीने होकार देऊ नये. हार्ड डिस्कवर जुना मजकूर बराचसा जागीच राहतो, केवळ त्याचा पत्ता हरवतो. एसएसडीला मात्र सर्व जागा रिकामी झाल्याचे तेव्हाच कळविले जाते, आणि मग परतीची आशा जवळजवळ उरत नाही.

आता ज्या गोष्टीकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते तिच्याकडे वळतो. प्रत्येक फाइलीस इनोड नावाची एक नोंद लागते, आणि नेहमीच्या हिशेबाने दर १६,३८४ बाइटांमागे एक इनोड राखला जातो. म्हणजे एक टेराबाइटच्या तबकडीवर सुमारे ६ कोटी १० लाख. समजा, एखाद्या पर्जन्यमापन केंद्राने प्रत्येक वाचनाची स्वतंत्र लहानशी फाइल केली. प्रत्येक फाइल एकच ब्लॉक व्यापत असल्याने तबकडीचा जेमतेम चौथा हिस्सा भरतो न भरतो तोच इनोड संपतात, आणि तीन हिस्से मोकळे असूनही यंत्र ‘जागा नाही’ असे उत्तर देते. ‘डीएफ’ या आज्ञेला ‘-आय’ जोडून पाहिल्याखेरीज या कोड्याचा उलगडा होत नाही. मुख्य प्रशासकासाठी (‘रूट’साठी) राखलेली पाच टक्के जागा पुढे केव्हाही कमी करता येते. इनोडांचे प्रमाण मात्र, दप्तर नव्याने घातल्यावाचून, बदलता येत नाही. म्हणून अशा कामासाठी आरंभीच एमकेएफएसच्या आज्ञेत ‘-आय ४०९६’ असे प्रमाण सांगावे. माझ्या मते, तबकडीवर कोणत्या प्रकारचा मजकूर येणार हे न विचारता फाइलसिस्टीम घालून देणारा कारभारी आपले अर्धे काम पुढच्या माणसावर टाकतो.

मोजणी पुरी झाली की ‘माउंट’ करून विभाग वापरात येतो. तो नेहमीसाठी जोडावयाचा असेल तर ‘एफस्टॅब’ या यादीत त्याचे एसडीबी हे बदलते नाव लिहू नये. फाइलसिस्टीम घालतानाच तिला यूयूआयडी हा जो स्वतंत्र ओळखक्रमांक मिळतो, तो ‘बीएलकेआयडी’ने पाहून तेथे लिहावा, म्हणजे तबकडी कोणत्याही तारेला जोडली तरी नोंदी आपल्याच जागी उघडतात.