बंगईचं लाकूड मेलेलं नाही, नुसतं राखाडी झालंय

आज कोडिंगला सुट्टी. आज लाकूड.

एका श्रोत्याचा मेसेज आला. अंगणातली सागाची बंगई पार राखाडी पडलीय, चिरा गेल्यात. घरचे म्हणतात भंगारात द्या, लोखंडी घेऊ. वाचेल का?

थांबा, देऊ नका. आधी स्क्रू-ड्रायव्हर घ्या अन् फळीत टोचून पाहा, विशेषतः टोकांना आणि कड्यांच्या भोकांजवळ. टोक भसकन आत गेलं, भुसा पडला, तर तेवढा भाग सडलाय. तो सुतारकाकांकडून बदलून घ्या. नाही गेलं, तर राखाडी रंग हे नुसतं वरचं साल समजा. लाकडाचे तंतू बांधून ठेवणारं लिग्निन नावाचं द्रव्य असतं. ऊन ते तोडतं, पाऊस ते धुऊन नेतो. आत साग तसाच असतो. नव्या संसद भवनात नागपूरचं सागवान लागलं, आणि आपण आजोबांच्या काळचा साग किलोवर विकायला निघतो!

आता मुख्य गोष्ट. बहुतेक जण दुकानातून चकचकीत वार्निश आणतात आणि मारतात. दिसतं भारी. पण वार्निश म्हणजे लाकडावरची काचेसारखी पापडी. आपल्या वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, मग जूनमध्ये धो धो पाऊस. लाकूड आकसतं, फुगतं. पापडीला तेवढं ताणता येत नाही. ती तडकते, फटीतून पाणी आत जातं आणि बाहेर पडायला वाट उरत नाही. मग तिथूनच सड. म्हणून उघड्यावरच्या लाकडाला आत मुरणारं तेल द्यावं. पुण्या-मुंबईत बाल्कनीत लाकडी डेक असेल, तरी नियम तोच.

तेल कुठलं? हार्डवेअरवाल्याला ‘बेल तेल’ मागा. म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल. हो, आपल्या चटणीतलंच जवस! पण नुसतं तेल उन्हाला अडवत नाही. ऊन अडवतो रंग. म्हणून भर उन्हातल्या वस्तूला थोडा तपकिरी रंग असलेला, तेलाचा बाहेरच्या कामाचा वूड स्टेन जास्त टिकतो. शिवाय दमट जागी जवसाच्या तेलावर बुरशी धरते. सावलीतल्या, कोरड्या ओसरीवर मात्र बेल तेल झकास.

तेलाआधी सफाई. साबणाच्या पाण्याने, मऊ ब्रशने, रेषेच्या दिशेने घासा. प्रेशर वॉशर नको, तो मऊ तंतू उकरून काढतो. साखळीजवळचे काळे डाग हे लोखंड आणि सागातल्या टॅनिनचे. ते ऑक्झॅलिक ॲसिडच्या पाण्याने जातात. हे विषारी आहे, हातमोजे घाला, लहान मुलं दूर ठेवा, नंतर भरपूर पाण्याने धुवा. दोन-तीन दिवस वाळू द्या. मग 80 नंबरचा पॉलिश पेपर, त्यावर 120.

इथे एक धोका. जुना ऑइल पेंट असेल तर कोरडा घासू नका. घरगुती रंगात शिशाची मर्यादा 90 पीपीएम, हा नियम 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या थरात शिसं असू शकतं, आणि ती धूळ लहान पोरांच्या मेंदूला घातक. ओलं करून खरडा, मास्क लावा, खरवड गोळा करा.

तेल पातळ हातानं द्या, पंधरा-वीस मिनिटांनी वरचं पुसून घ्या. न पुसलेलं तेल महिनाभर चिकट राहतं. दुसऱ्या दिवशी दुसरा हात. फळीच्या कापलेल्या टोकांना जास्त पाजा, पाणी तिथूनच पितात. मुहूर्त? दिवाळीनंतर. आता कोणी म्हणेल, सिंदीत तान्हा पोळ्याचे लाकडी नंदी तर ऐन पावसाळ्यात रंगवतात! खरंय, पण नंदी मिरवून घरात येतो. बंगई बाहेरच राहते.

शेवटी चिंध्या. तेल पुसलेल्या सुती चिंध्यांचा गोळा करून कोपऱ्यात टाकाल, तर काडी न ओढता पेट घेऊ शकतात. जवसाचं तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं, उष्णता सोडतं, आणि गोळ्यात ती कोंडते. 1991 मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या वन मेरिडियन प्लाझा इमारतीला अशाच चिंध्यांमुळे आग लागली, तीन अग्निशमन जवान गेले. त्यामुळे काम संपलं की हात धुण्याआधी चिंध्या बाहेर तारेवर एकेक सुट्ट्या टाका, नाहीतर पाण्याच्या डब्यात बुडवा.