नंबर कुणाचा लिहायचा?

तुमच्यातल्या निम्म्याजणी आत्ता भाकरी थापत असणार. थापता थापता ऐका, उठून बसायची गरज नाही.

आज आम्ही बोलणार आहोत घरोघरी जाऊन दुरुस्ती करणाऱ्या आपल्या बायांबद्दल. नळ, टाकी, पंखा, मिक्सर, शेगडी, शिलाई मशीन अशी कामं. पापड-लोणच्याच्या विक्रीवर आपण बैठकांमध्ये पुष्कळ बोललो. पापड हातात घेऊन दाखवता येतो, तोडून चाखायला देता येतो. नळाचं काम पिशवीत घालून आठवडी बाजारात नेता येत नाही. मग ते विकायचं कसं?

आमच्या गटांतल्या काहीजणींनी प्रशिक्षण घेतलं. पाना, पकड, टेस्टर घरात आले, प्रमाणपत्र भिंतीवर लागलं. काम मिळतं का विचारलं तर म्हणतात, "सांगून ठेवलंय की सगळ्यांना." सगळ्यांना म्हणजे जावेला, नणंदेला आणि शेजारणीला.

काम नाही असं नाही. २०१९ साली जल जीवन मिशन सुरू झालं आणि त्यातून गावोगावी घरात नळ आले. नळ आला की नळाचं दुखणंही येतं. वॉशर झिजतो, टाकीचा बॉलकॉक अडकतो, पाणी अंगणभर वाहतं. तालुक्याचा मिस्त्री दहा-वीस रुपयांच्या वॉशरसाठी एवढ्या लांब येत नाही. आलाच, आणि घरात एकटी सून असली, तर सासूबाई दारातूनच सांगतात, "संध्याकाळी माणसं आल्यावर या." तो परत कशाला येतोय! त्या दारातून आपली बाई मात्र सरळ मोरीपर्यंत जाते. बायांना हे काम जमेल का, असं अजूनही कुणी विचारतं. उत्तर प्रदेशात बांदा जिल्ह्यातल्या बाया १९९० च्या दशकात हातपंप उघडून दुरुस्त करत होत्या. हातपंपापुढे नळ म्हणजे काय हो.

आता पहिली गोष्ट, फोन नंबरची. आम्ही गावोगावी चिकटवलेले कागद बघतो. वर बाईचं नाव आणि खाली नंबर मालकांचा, नाहीतर पोराचा. मालक फोन घेऊन रानात, पोरगा कॉलेजात. फोन करणाऱ्याला उत्तर मिळतं, "ती घरी नाही, नंतर करा." नळ गळत असताना नंतर कोण करतं? काही घरांत बाईच्या नंबरावर परक्याचे फोन आलेले चालत नाहीत, हे आम्हाला माहीत आहे. त्यावर आमच्याकडे चालणारा उपाय असा, की दोघींनी मिळून काम घ्यायचं आणि कामासाठी वेगळं सिमकार्ड ठेवायचं. ते गटाचं सिम. त्यावर व्हॉट्सअॅप बिझनेस टाकायचं, त्याला पैसे पडत नाहीत. कामाची वेळ त्यात लिहून ठेवता येते. रात्री कुणी मेसेज केला तर फोन आपोआप कळवतो, की सकाळी नऊनंतर बोलू. घरच्यांचीही तक्रार राहत नाही. हा नंबर पुन्हा बदलायचा नाही, एवढं मात्र पाळा.

कागदावर काय लिहायचं? "सर्व प्रकारची कामे केली जातील" असं लिहिलं की वाचणाऱ्याला काहीच आठवत नाही. त्यापेक्षा लिहा: नळ गळतो? पंखा हळू फिरतो? मिक्सर चालू होत नाही? आणि खाली नंबर. जेवढं येतं तेवढंच लिहा. होल्डर, स्विच, पंख्याचा कंडेन्सर बदलणं शिकलेल्या बाईला जमतं. नवीन वायरिंग आणि मीटरपाशी हात घालणं हे परवाना असलेल्या ठेकेदाराचं काम. शेगडीचा बर्नर साफ करा. सिलिंडर, रेग्युलेटर आणि नळीची तक्रार असली तर एजन्सीला कळवायला सांगा. नाही म्हणणाऱ्या बाईवर लोक जास्त विश्वास टाकतात, हा आमचा अनुभव.

आणि कागद लावायचा कुठे? पिठाची गिरणी, दूध संकलन केंद्र, रेशन दुकान, जिथे बायका पाच-दहा मिनिटं उभ्या राहतात तिथे. चौकातल्या मोठ्या फ्लेक्सपेक्षा गिरणीतला छोटा कागद बरा. फ्लेक्सवर वाढदिवसवाले असतात, त्यांच्याकडे कोण बघतं! बाजारगावच्या हार्डवेअरवाल्याशी बोलून ठेवा. नळ विकत घेणारा तिथेच विचारतो, "बसवून कोण देईल?" आपण सामान त्याच्याकडून घेतलं की तो आपलं नाव सांगतो. पण सगळ्यात उपयोगाचा ठरला तो स्टिकर. काम झालं की दुरुस्त केलेल्या वस्तूवरच, मिक्सरच्या बुडाला, टाकीच्या बाजूला, मशीनच्या पाटाखाली, नंबराचं छोटं स्टिकर चिकटवायचं. वर्षाने ती वस्तू पुन्हा बंद पडली की बाई शोधत बसत नाही. निघताना आणखी एक करा. त्यांच्या फोनमध्ये आपला नंबर "नळवाल्या ताई" असा टाकून द्या. व्हॉट्सअॅपवर ब्रॉडकास्टने पाठवलेला निरोप ज्यांनी आपला नंबर जतन केला आहे त्यांनाच पोहोचतो, म्हणून हे महत्त्वाचं.

निरोप कधी पाठवायचा? मोडल्यावर लोक आपणहून फोन करतात, निरोप त्याच्या आधी हवा. घटस्थापनेआधी बाया घर धुऊन काढतात, तेव्हा टाकी धुण्याचा. दिवाळीच्या फराळाआधी मिक्सर आणि शेगडीचा. जूनमध्ये शाळेचे गणवेश शिवायला लागायच्या आत शिलाई मशीनचा. वर्षात चार-पाच निरोप पुरे. रोज सुप्रभात पाठवलंत तर लोक आवाज बंद करून ठेवतील.

एक गिऱ्हाईक आपल्या डोळ्यांसमोर नसतं, ते पुण्या-मुंबईला असतं. गावात म्हातारे आई-बाप आणि पोरगा तिकडे नोकरीला. आई फोनवर सांगते, "पंखा बंद पडलाय, असू दे, दारात झोपते." पोराचा जीव तुटतो, पण तिथून तो करणार काय? त्याला आपला नंबर मिळाला पाहिजे. गावाच्या, शाळेच्या जुन्या मुलांच्या व्हॉट्सअॅप गटात त्याच कागदाचा फोटो टाकायला सांगा. काम सुरू करण्याआधी त्याला फोन करून खर्च सांगा. काम झालं की फिरत्या पंख्याचा व्हिडिओ आणि सामानाच्या पावतीचा फोटो पाठवा. पैसे तो तिथूनच यूपीआयने टाकतो. असा पोरगा खूश झाला की दहा मित्रांना सांगतो.

असाच माणूस गुगल मॅपवरही शोधतो. तिथे आपली नोंद फुकट करता येते. घराचा पत्ता न दाखवता, आपण कोणकोणत्या गावांत जातो एवढंच दाखवण्याची सोय आहे. बायांनी तीच निवडावी. "नोंदीचे पैसे भरा" किंवा "ओटीपी सांगा" असा फोन आला तर सरळ ठेवून द्या.

आता पैशाचं. इथे आपल्या बाया अडतात. अनोळखी माणसाला दर सांगता येतो. पण चुलत सासू म्हणते, "तू तर घरचीच," आणि चहा पाजून वाटेला लावते. चुलत सासू, मामेसासू, मैत्रिणीची आई, सरपंचांची सून असं करत अर्धं गाव घरचंच निघतं. दिवस मोडतो, रोजगार बुडतो, वॉशरचे पैसेही पदरचे जातात. मग घरातले म्हणतात, त्यापेक्षा खुरपायला गेलेली बरी. पाना कोपऱ्यात पडतो तो कामाअभावी नाही, या फुकटच्या कामापायी पडतो.

म्हणून दर एकटीने ठरवायचा नाही. गटाच्या बैठकीत ठरवायचा, ठराव वहीत लिहायचा, दरपत्रक छापून पिशवीत ठेवायचं. येण्याचा आकार वेगळा, कामाचा वेगळा, सामान पावतीप्रमाणे. कुणी कमी कर म्हणालं तर म्हणायचं, "काकू, दर गटाचा आहे, मला एकटीला मोडता येत नाही." भांडणही होत नाही आणि नातंही राहतं. फुकट करायचंच असेल, निराधार म्हातारीचं वगैरे, तर तेही गटाने ठरवावं आणि वहीत मांडावं. एक शब्द मात्र द्या: पंधरा दिवसांत तेच पुन्हा बिघडलं तर मजुरी घेणार नाही. आणि तसंच वागा.

अनोळखी घरी जाताना दोघी जा. कुणाच्या घरी, किती वाजता, हे गटाच्या अध्यक्षांना कळवून निघा. घरात कोण आहे ते फोनवर आधीच विचारा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

पुढच्या बुधवारी याच वेळेला आमच्या गटातल्या नळवाल्या ताई येणार आहेत. गळक्या नळाचा वॉशर कसा बदलायचा ते त्या बोलता बोलता करून दाखवतील. रेडिओवर दिसणार नाही हे खरं, म्हणून घरात जुना नळ पडला असेल तर भंगारवाल्याला देऊ नका. तो हातात घेऊन बसा. शेजारी पानाही ठेवा.