आठवड्यांतून एकदां घ्यावयाची गोळी

कर्करोगाचें औषध म्हटलें कीं रुग्णालयांतील खाट, टांगलेली सलाईनची बाटली आणि उशाशीं उभी असलेली परिचारिका हें चित्र बहुतेकांच्या डोळ्यांपुढें येतें. गेल्या कांहीं वर्षांत या चित्रांत बराच पालट झाला आहे. या रोगावरील पुष्कळ औषधें आतां गोळ्यांच्या रूपानें मिळतात, आणि तीं रोग्याच्या घरीं, फडताळांत, चहासाखरेच्या डब्यांशेजारीं ठेविलीं जातात. रोग्याचा प्रवास वांचतो, पैसा वांचतो, आपल्या माणसांत राहावयास मिळतें. परंतु जी दक्षता रुग्णालयांत परिचारिका घेत असे, ती आतां घरच्या मंडळींवर येऊन पडते. ही दक्षता कोणती, याचा विचार मेथोट्रेक्झेट या एका औषधाच्या निमित्तानें येथें करावयाचा आहे.

नागपूर व विदर्भ यांचा या औषधाशीं निकटचा संबंध येतो. सुपारी, तंबाखू व चुना एकत्र घोटून केलेला खर्रा येथील पानठेल्यांचा नेहमींचा पदार्थ होऊन बसला. महाराष्ट्रांत २०१२ सालीं गुटख्यावर बंदी आली, तरी खर्ऱ्याची संवय तेवढ्यानें सुटली नाहीं. तंबाखू व सुपारी गालांत धरण्यापासून तोंडाचा कर्करोग होतो, हें आतां निर्विवाद ठरलें आहे. असे रोगी नागपुरांत राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा जामठा येथील राष्ट्रीय कर्करोग संस्था यांच्याकडे जातात. कांहीं जण ८०० किलोमीटरांहून अधिक प्रवास करून मुंबईस टाटा स्मारक रुग्णालय गांठतात.

परळ येथील हें रुग्णालय १९४१ सालीं सुरू झालें. शस्त्रक्रिया व किरणोपचार यांच्या पलीकडे गेलेल्या तोंडाच्या व घशाच्या कर्करोगावर तेथील वैद्यांनीं एक साधा व स्वस्त उपाय पारखून पाहिला. मेथोट्रेक्झेटची गोळी आठवड्यांतून एकदां, आणि सेलेकॉक्सिब ही दाह कमी करणारी गोळी रोज दोनदां, असा तो उपाय होय. ४२२ रोग्यांचे दोन गट करून एका गटास ह्या गोळ्या व दुसऱ्यास शिरेवाटें सिसप्लॅटिन हें औषध देण्यांत आलें. २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणें गोळ्यांच्या गटाचें मध्यम आयुर्मान ७.५ महिने, तर सिसप्लॅटिनच्या गटाचें ६.१ महिने भरलें. तीव्र त्रास गोळ्यांच्या गटांत शेंकडा १९ जणांस, तर दुसऱ्या गटांत शेंकडा ३० जणांस झाला. ह्या गोळ्यांनीं अशा अवस्थेंतील रोग समूळ जात नाहीं, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. परंतु राहिलेले दिवस थोडे अधिक व थोडे सुसह्य होतात, आणि ते घरीं घालवितां येतात. जेथें एक एक महिना मोलाचा आहे, तेथें घरांतील एका चुकीनें तोच हिरावला जाऊं नये, एवढ्याकरितां हें विवेचन आहे.

हें औषध शरीरांत काय करतें तें समजलें म्हणजे त्याचे दोषहि आपोआप समजतात. १९२८ सालीं ल्यूसी विल्स नांवाच्या इंग्रज विदुषी मुंबईस आल्या. गिरण्यांतून काम करणाऱ्या गरोदर स्त्रियांत आढळणाऱ्या पंडुरोगाचा त्यांनीं अभ्यास केला, आणि यीस्टच्या अर्कानें तो बरा होतो असें दाखविलें. त्या अर्कांतील गुणकारी द्रव्य म्हणजेच पुढें फॉलिक आम्ल या नांवानें प्रसिद्ध झालेलें जीवनसत्त्व. पेशींची वाढ होण्यास तें अवश्य आहे. भीमावरम येथें जन्मलेले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या मार्गदर्शनाखालीं अमेरिकेंतील लेडर्ली प्रयोगशाळेंत हें द्रव्य कृत्रिम रीतीनें तयार झालें, आणि त्याच्यासारखें दिसणारें परंतु त्याचें कार्य अडविणारें द्रव्यहि तेथेंच बनलें. बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांनीं अशा एका द्रव्यानें रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांस कांहीं काळ आराम पडल्याचें १९४८ सालीं प्रसिद्ध केलें. मेथोट्रेक्झेट हें त्याच कुळांतील औषध आहे.

तें पेशींची वाढ अडवितें. आणि ज्या पेशी भराभर वाढतात त्यांवर त्याचा मारा अधिक बसतो. कर्करोगाच्या पेशी तशा आहेतच. पण तोंडाच्या व आंतड्याच्या आंतील अस्तर आणि रक्त निर्माण करणारी हाडांतील मज्जा यांच्या पेशीहि तशाच आहेत. आठवड्यांतून एकदांच औषध दिलें म्हणजे मधल्या दिवसांत ह्या निरोगी पेशींस सांवरावयास अवसर मिळतो. तीच मात्रा रोज पोटांत गेली तर तो अवसर नाहींसा होतो. तोंड व घसा सोलून निघतो, जुलाब लागतात, रक्तांतील पांढऱ्या पेशी घटतात, आणि एखादा साधा जंतुसंसर्गहि प्राणघातक ठरतो. आठवड्याची मात्रा चुकून रोज घेतल्यामुळें निरनिराळ्या देशांत मृत्यू घडले आहेत. म्हणूनच २०१९ सालीं युरोपीय औषधसंस्थेनें या औषधाच्या वेष्टनावर ठळक इशारा असावा व रोग्याजवळ स्मरणपत्रिका द्यावी, अशी शिफारस केली.

ही चूक कशी होते तें पाहावें. भंडाऱ्याकडील एखादें शेतकरी कुटुंब डोळ्यांपुढें आणा. मुलगा वडिलांस नागपुरास दाखवून आणतो. औषधांच्या दुकानांतून एकाच पिशवींत दोन प्रकारच्या गोळ्या मिळतात. एक रोज सकाळ-संध्याकाळ घ्यावयाची, दुसरी आठवड्यांतून एकदां. पाकिटावर १-०-१ किंवा १-०-० असे आंकडे घालण्याची आपल्याकडील रीत सर्वांस परिचित आहे. परंतु १-०-० याचा अर्थ घरांत रोज सकाळीं एक असाच लावला जातो. आठवड्याचा वार सांगण्यास त्या आंकड्यांत जागाच नाहीं. शिवाय मुलगा कामावर गेल्यावर औषध देणारी सून असते. आणि वैद्यांचें बोलणें तिनें ऐकलेलें नसतें.

यावरील उपाय कठीण नाहीं. वार एकच ठरवावा, आणि तो वैद्यांकडून कागदावर मराठींत संपूर्ण अक्षरांनीं लिहून घ्यावा: ‘फक्त गुरुवारीं’. आठवड्याची गोळी वेगळ्या डबींत ठेवावी. भिंतीवरील कालनिर्णयांत त्या वाराभोंवतीं वर्तुळ काढावें, व गोळी घेतल्याबरोबर तेथें खूण करावी. गोळ्या देण्याचें काम एकाच व्यक्तीकडे असावें. आणि रोग्यानें विसरून पुन्हां मागितली, तर ‘मामाजी, आज सोमवार आहे, आज ही गोळी नाहीं,’ असें सांगण्याचा सुनेस संकोच वाटूं नये. ह्या गोळ्या २.५ मिलिग्रॅमच्या मिळतात, तशाच १० मिलिग्रॅमच्याहि मिळतात. म्हणून नवीन पाकीट आणल्यावर गोळ्यांची संख्या तीच धरून चालूं नये. मिलिग्रॅमचा आंकडा ताडून पाहावा. एखादी मात्रा चुकली किंवा घेतल्यावर वांती झाली, तर आपल्या मनानें दुसरी घेऊं नये, रुग्णालयास विचारावें. जास्त गोळ्या गेल्याचें लक्षांत आलें, तर त्रास होण्याची वाट न पाहतां ताबडतोब मोठ्या रुग्णालयांत जावें. ल्यूकोव्होरिन नांवाचा त्यावर उतारा आहे. पण तो जितका लवकर मिळेल तितका उपयोगी. साधी फॉलिक आम्लाची गोळी त्याची जागा घेऊं शकत नाहीं.

आतां त्रासांविषयीं. थोडी मळमळ, अरुचि व थकवा हीं लक्षणें पुष्कळांस होतात. तीं पुढील भेटीच्या वेळीं सांगितलीं तरी चालतें. कांहीं लक्षणें मात्र अंगावर काढावयाचीं नाहींत. ताप १०० अंशांवर चढणें, तोंड येऊन पाणीहि गिळतां न येणें, जुलाब न थांबणें, कोरडा खोकला व धाप लागणें, अंगावर निळसर डाग उठणें, हिरड्यांतून रक्त येणें, डोळे पिवळे होणें, शौचास डांबरासारखें काळें होणें, ह्यांपैकीं कांहीं दिसल्यास त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. तोंडाच्या कर्करोगांत एक विशेष धोका आहे. मूळ व्रण तोंडांतच असल्यामुळें औषधानें आलेलें तोंड हा रोगाचाच भाग समजला जातो, आणि आठवडे निघून जातात. याकरितां गोळ्या सुरू होण्यापूर्वीं तोंडाची स्थिति कशी होती हें घरच्यांनीं नीट पाहून ठेवावें. तापावर गोळी देण्याआधीं तो मोजावा, कारण ताप उतरला तरी संसर्ग राहतोच. रक्ताची तपासणी सांगितलेल्या दिवशीं चुकवूं नये. मज्जा, यकृत व मूत्रपिंड यांची हालहवाल लक्षणें दिसण्यापूर्वींच तींतून कळते.

हें औषध मूत्रपिंडांवाटें बाहेर पडतें, ही गोष्ट नागपुरांत विशेष लक्षांत ठेवावयास हवी. मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. घाम जाऊन व पाणी कमी पडून शरीर शुष्क झालें, किंवा जुलाब-वांत्या झाल्या, कीं औषध रक्तांत सांचूं लागतें. वैद्यांनीं पाणी मोजून प्यावयास सांगितलें नसेल, तर ह्या दिवसांत रोग्यास पाणी, ताक, पातळ पेज वरचेवर देत जावें. आणि तें जात नसेल तर त्या आठवड्याची गोळी देण्यापूर्वीं विचारावें. त्याच कारणानें दुकानांतून परस्पर वेदनाशामक गोळी आणून देऊं नये. उपचारांतील सेलेकॉक्सिब हिशेबानें दिलेली असते. तिच्यावर दुसरी चढविणें घातक. सल्फा जातीचीं कांहीं जंतुनाशकें, विशेषतः को-ट्रायमोक्साझोल, मेथोट्रेक्झेटबरोबर अतिशय धोक्याचीं आहेत. मद्य वर्ज्य करावें. काढा, चूर्ण, शक्तीचें टॉनिक कांहींहि चालू असेल तर तें वैद्यांपासून लपवूं नये.

तोंड उघडत नाहीं, गिळतां येत नाहीं, म्हणून घरांत गोळी खलबत्त्यांत कुटण्याचा मोह होतो. तिची धूळ उडून ती दुसऱ्यांच्या श्वासांत जाते. गिळणें कठीण असल्यास किंवा नळीवाटें अन्न चालू असल्यास रुग्णालयांतूनच रीत शिकून घ्यावी. गरोदर स्त्रीनें ह्या गोळ्यांस हात लावूं नये, कारण गर्भास त्या अपायकारक आहेत. इतरांनींहि गोळी हाताळल्यावर हात साबणानें धुवावे, आणि डबी मुलांच्या हातीं लागणार नाहीं अशा ठिकाणीं ठेवावी.

शेवटीं एक सूचना. रुग्णालयाच्या ओसरींत बसलेले रोगी एकमेकांस आपापल्या गोळ्यांचे नियम सांगतात. त्यांत आपुलकी असते, पण नियम निरनिराळे असतात. रक्ताच्या एका प्रकारच्या कर्करोगावरील इमॅटिनिब रोज जेवणाबरोबर घ्यावी लागते, आणि बरें वाटलें म्हणून मध्येंच सोडतां येत नाहीं. कॅपेसिटाबिन बहुधा १४ दिवस घेऊन ७ दिवस थांबतात, व तिनें तळहात-तळपाय लाल होऊन सोलवटतात. म्हणून शेजाऱ्याचा नियम आपल्यास लावूं नये. रुग्णालय सोडण्यापूर्वीं चार गोष्टी विचाराव्या: कोणत्या वारीं, किती गोळ्या, कोणतें लक्षण दिसल्यास परत यावयाचें, आणि रात्रीं-अपरात्रीं कोणत्या क्रमांकावर विचारावयाचें. हीं चार उत्तरें एका कागदावर लिहून तो कागद औषधाच्या डबींतच ठेवावा, म्हणजे औषध देणारें माणूस बदललें तरी रोग्याचें कांहीं अडणार नाहीं.