प्रवेशापूर्वींचीं दोन वर्षें

भंडारा जिल्ह्यांतील मोहाडी तालुक्यांत आंधळगांव नांवाचें गांव आहे. कोशाच्या कापडाकरितां तें ओळखलें जातें. मागावर धोटा फिरूं लागला म्हणजे वस्त्र भराभर वाढतांना दिसतें. परंतु त्यापूर्वीं सूत उकलावें लागतें, ताणा तयार करावा लागतो आणि एक एक धागा फणींतून ओवावा लागतो. ताण्यांत राहिलेला दोष पुढें कितीही कौशल्यानें झांकतां येत नाहीं, हें विणकर जाणतो. अशा गांवांतील मुलामुलींच्या उच्च शिक्षणाचें असेंच आहे. बारावीचा निकाल लागला म्हणजे तें सुरू होतें, अशी सर्वसाधारण समजूत असते. वास्तविक त्याची तयारी दोन वर्षें आधींच व्हावयास हवी.

एके काळीं या भागांतील विद्यार्थ्यापुढें अंतर हीच मोठी अडचण होती. नागपुरास हिस्लॉप कॉलेज १८८३ सालीं निघालें. पण नागपुरास स्वतःचें विद्यापीठ लाभण्यास १९२३ साल उजाडावें लागलें, आणि तोंवर तेथील कॉलेजांना परीक्षांसाठीं प्रथम कलकत्त्याच्या व मागाहून अलाहाबादच्या विद्यापीठाकडे पाहावें लागे. आज महाविद्यालयें भंडाऱ्यासही आहेत. अंतर कमी झालें, पण त्याची जागा कागदांनीं घेतली. चांगले गुण असलेला विद्यार्थी मागें पडतो तो पुष्कळदां एखाद्या दाखल्याच्या अभावीं.

यांतील सर्वांत वेळखाऊ कागद जातवैधता प्रमाणपत्राचा. राखीव जागेवर व्यावसायिक अभ्यासक्रमास प्रवेश घेणाऱ्यास नुसता जातीचा दाखला पुरत नाहीं. पडताळणी समितीचा निर्णयही लागतो. त्यासाठीं घराण्याची जात दाखविणारी जुनी नोंद पुढें करावी लागते. जुनी म्हणजे किती, हेंही ठरलेलें आहे. अनुसूचित जातींसाठीं १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठीं ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त व भटक्या जमातींसाठीं २१ नोव्हेंबर १९६१, आणि इतर मागास व विशेष मागास प्रवर्गांसाठीं १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वींचा पुरावा पाहिला जातो. आजोबा ज्या शाळेंत शिकले तेथील दाखल-खारीज नोंदवही, किंवा गांवच्या कोतवाल बुकांतील जन्ममृत्यूची नोंद, हे त्याचे नेहमींचे आधार होत. परंतु कोठें पान फाटलेलें असतें, कोठें नांवांत फरक पडलेला असतो, कोठें जातीऐवजीं धंदाच लिहिलेला असतो. हा गुंता सुटण्यास आठवडे नव्हेत, महिने लागतात. म्हणून अकरावींत नांव घालतांच ह्या शोधास लागावें, आणि अर्ज कनिष्ठ महाविद्यालयामार्फत त्याच वर्षीं करावा.

विदर्भांतील विणकरांस या प्रश्नाची झळ चांगलीच परिचित आहे. हलबा-कोष्टी म्हणविणाऱ्यांचा अनुसूचित जमातीचा दावा सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीं अमान्य केला. मात्र त्या प्रकरणांतील विद्यार्थ्याची वैद्यकीय पदवी न्यायालयानें कायम ठेवली. पुढें २०१७ सालीं त्याच न्यायालयानें सांगितलें कीं, दावा अवैध ठरल्यावर त्यावर मिळालेला प्रवेश, पदवी वा नोकरी यांना राज्याच्या कायद्यानुसार संरक्षण देतां येत नाहीं. या वादाची बाजू कोणास कशीही वाटो, विद्यार्थ्यासाठीं त्यांतून निघणारा अर्थ स्पष्ट आहे: जो प्रवर्ग हातच्या नोंदींनीं सिद्ध होतो, त्याच प्रवर्गांतून अर्ज करावा. चार वर्षांच्या अभ्यासानंतर पदवी गमावणें, हें पहिल्याच वर्षीं प्रवेश हुकण्यापेक्षां फार दुःखदायक आहे.

दुसरी बाब पैशाची. राज्य सरकारनें २०२४ सालीं आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचें शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क पूर्ण माफ केलें. यासाठीं कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांच्या आंत असावें लागतें, आणि प्रवेश सरकारी केंद्रीय पद्धतीनें झालेला असावा लागतो. व्यवस्थापनाच्या कोट्यांतील जागेस ही सवलत नाहीं. "मुलीचें शिक्षण आतां फुकट" असें म्हणून वडीलमंडळी निश्चिंत होतात, तेथेंच फसगत होते. खोलीचें भाडें, जेवण, पुस्तकें व प्रवास यांचा खर्च उरतोच, आणि मुलगी घरीं परत येते ती बहुधा याच खर्चामुळें. तेव्हां शुल्काबरोबर नागपुरांतील राहण्याचा वर्षाचा हिशेबही आधींच कागदावर मांडावा. निवडक नामांकित संस्थांत गुणवत्तेवर प्रवेश मिळाल्यास, २०२४ च्या नोव्हेंबरांत मंजूर झालेल्या केंद्राच्या विद्यालक्ष्मी योजनेंतून तारणावांचून कर्ज मिळूं शकतें. मात्र आपली संस्था त्या यादींत आहे कीं नाहीं, हें प्रथम पाहावें.

तिसरी बाब संस्थेची. विद्यापीठ अनुदान आयोग बनावट विद्यापीठांची यादी प्रसिद्ध करीत असतो. जाहिरात वाचण्यापूर्वीं ती यादी वाचावी. मूळ प्रमाणपत्रें संस्थेनें अडकवून ठेवूं नयेत, असें आयोगानें २०१८ सालीं बजावलेलें आहे. तीं तपासून लगेच परत घ्यावीं. २०२० च्या राष्ट्रीय धोरणानें एक वर्षास प्रमाणपत्र, दोहोंस पदविका, तिहींस पदवी व चार वर्षांस ऑनर्स अशा पायऱ्या ठेविल्या आहेत. आजारपण वा घरची अडचण आल्यास मिळविलेलें श्रेय वायां जात नाहीं, हें चांगलेंच. पण मध्येंच उतरण्याची ही सोय अडचणीपुरती आहे. मुलीला पहिल्याच वर्षीं थांबविण्याचें निमित्त म्हणून तिचा उपयोग होऊं नये.

हें सर्व शहरांतील सुशिक्षित कुटुंबांस सांगण्याचें कारण आहे. अशा बहुतेक घरांचें एखादें गांव असतें. तेथें भाऊबंद असतात, जुना शेजार असतो. त्यांच्या मुलांना पैसे देणें सर्वांस शक्य नसेल; परंतु अर्जाचा रकाना समजावून सांगणें, अंतिम तारीख कळविणें आणि संस्थेची चौकशी करून देणें हें कोणासही जमण्याजोगें आहे. दिवाळीस गांवीं गेल्यावर अकरावींतल्या मुलीला गुण सर्वच विचारतात. त्याबरोबर "आजोबांच्या शाळेची नक्कल काढलीस का?" एवढें एकच विचारलें, तरी तिच्या पुढच्या वाटेंतील एक मोठा धोंडा दूर होण्यास आरंभ होईल.