पाव मैलाचे गणित

सरळ रस्ता, अंतर अवघे पाव मैल, दोन मोटारी शेजारी शेजारी उभ्या. हिरवा दिवा लागला की जी आधी पलीकडे पोहोचेल तिची सरशी. ‘ड्रॅग रेसिंग’ नावाच्या अमेरिकन शर्यतीचा सारा नियम एवढ्यात आटोपतो. विदर्भातील शंकरपट ज्यांनी पाहिला असेल, त्यांना ही शर्यत फारशी परकी वाटू नये. तेथेही धाव सरळ, पल्ला थोडा आणि निकाल सेकंदाच्या अंशावर. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातील तरुणांनी जुन्या मोटारी सोलून, त्यांची इंजिने वाढवून हा खेळ चालविला. १९५० साली सँटा ॲना येथील विमानतळाच्या धावपट्टीवर त्याला रीतसर जागा मिळाली आणि १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशन’ स्थापन करून त्याला नियमांची चौकट दिली.

खेळ वरवर उथळ वाटतो. मात्र पदार्थविज्ञानाच्या एका मूलभूत प्रश्नाची इतकी उघड परीक्षा क्वचितच दुसरीकडे होत असेल. तो प्रश्न असा: गाडीचे वजन आणि इंजिनाची शक्ती यांवरून तिचा वेळ आधीच सांगता येईल काय?

बऱ्याच अंशी येतो. मात्र उत्तर सामान्य समजुतीस धक्का देणारे आहे. शक्ती दुप्पट केली तर वेळ निम्मा होईल, असे कोणासही वाटेल. प्रत्यक्षात तो जेमतेम एकपंचमांशाने घटतो. वेळ निम्मा करावयाचा तर शक्ती आठपट हवी. रॉजर हंटिंग्टन या अमेरिकन मोटारलेखकाने धावांच्या नोंदी ताडून पाहिल्या, तेव्हा वजनास शक्तीने भागून येणाऱ्या आकड्याच्या घनमुळाशी वेळ बांधलेला असतो, असे आढळून आले. जेफ्री फॉक्स यांनी १९७३ साली त्यामागील उपपत्ती विशद केली. तिचे मर्म गणिताशिवायही कळण्याजोगे आहे. गाडी जसजशी वेग घेते तसतसा त्याच शक्तीचा रेटा कमी पडत जातो, हे एक. दुसरे असे, की बलवान गाडी पल्लाच लवकर संपविते, त्यामुळे तिच्या वाढीव शक्तीला काम करावयास अवधीच कमी मिळतो.

उदाहरणार्थ, बाराशे किलो वजनाची, शंभर अश्वशक्तीची घरगुती मोटार घेतली, तर तिला पाव मैलास सुमारे साडेसतरा सेकंद लागतील. तिच्यात दोनशे अश्वशक्तीचे इंजिन बसविले तर चौदाच्या आसपास. इंजिन तेच ठेवून वजन सहाशे किलोवर आणले, तरीही नेमके तेच चौदा! हिशेबाच्या वहीत वजन घटविणे आणि शक्ती वाढविणे या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. फरक एवढाच, की इंजिनाला पैसे पडतात आणि वजन करवतीने कमी करता येते. म्हणून शर्यतवाल्यांनी आसने उपटली, चिखलरोधक पत्रे काढून फेकले, सांगाड्याला भोके पाडली. बारा सेकंदांत धावणाऱ्या सोळाशे किलोंच्या गाडीचे पंचेचाळीस किलो उतरविले, तर सेकंदाचा एक दशांश वाचतो. दशांश म्हणजे काय ते शेवटच्या रेषेवर कळते. तेथे तेवढ्या वेळात गाडी पाच मीटर पुढे गेलेली असते.

येथवर वजन हा निखळ शत्रू. परंतु शक्ती वाढत जाते तसा हा हिशेब फसू लागतो, कारण मध्ये एक तिसरा पक्ष उभा राहतो. तो म्हणजे टायर. इंजिनात कितीही बळ असले, तरी ते रस्त्याला पोहोचवायचे रबराच्या दोन पट्ट्यांनी; आणि ही पकड चाकावरील भारावर अवलंबून. चाक आपल्यावरील भाराइतकाच रेटा देऊ शकते असे धरले, तर पाव मैलास नऊ सेकंदांहून कमी वेळ लागणे अशक्य ठरते, मग इंजिन कोणतेही बसवा. वजन घटविले तर पकडही त्याच प्रमाणात घटते, म्हणजे लाभ शून्य! मात्र रबर पाठ्यपुस्तकाचे नियम पाळीत नाही. मऊ, रुंद, गुळगुळीत टायर जागच्या जागी फिरवून तापविले की ते रस्त्याला अक्षरशः चिकटतात आणि भाराहून कितीतरी अधिक रेटा देतात. १ ऑगस्ट १९६४ रोजी न्यू जर्सीतील ग्रेट मेडोज येथे डॉन गार्लिट्स यांनी ७.७८ सेकंदांत पल्ला गाठला आणि शेवटी ताशी २०१.३४ मैल वेग नोंदविला, तेव्हा नऊ सेकंदांची भिंत केव्हाच मागे पडली होती.

तात्पर्य, प्रश्न वजन किती याचा उरला नाही. ते कोठे आहे याचा झाला. गाडी उसळी घेते तेव्हा भार पुढच्या चाकांवरून मागच्या चाकांवर सरकतो, हे बैलगाडीत मागे बसणारासही ठाऊक असते. तेव्हा जे जे जड ते मागच्या चाकांवर लोटावे, हे ओघानेच आले. त्यातून जी रचना निघाली तिला गोफण म्हणत. इंजिन शक्य तितके मागे, आणि चालक त्याच्याही मागे, थेट मागच्या आसापलीकडे, गोफणीतल्या दगडासारखा. त्याचे पाय दोन्ही बाजूंना पसरलेले आणि त्यांच्या मध्ये गरगरणारी गियरपेटी. चालकाचे स्वतःचे वजनही पकडीसाठी राबविलेले! या युक्तीचे कौतुक करावे तेवढे थोडे, आणि तिची किंमतही तशीच.

८ मार्च १९७० रोजी लाँग बीच येथील लायन्स धावपट्टीवर गार्लिट्स यांची गियरपेटी सुटताक्षणीच फुटली. गाडीचे दोन तुकडे झाले आणि त्यांच्या उजव्या पावलाचा काही भाग तुटला. रुग्णालयातील खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी नव्या गाडीचा विचार सुरू केला. इंजिन चालकाच्या पाठीमागे न्यावयाचे. ही कल्पना नवी नव्हती. पण तशा गाड्या सरळ धावत नाहीत, असा सार्वत्रिक अनुभव होता. पुढे बसलेल्या चालकाला गाडीची शेपटी सरकल्याचे उशिरा कळते आणि तो सुकाणू प्रमाणाबाहेर फिरवितो. गार्लिट्स व त्यांच्या साथीदारांना सापडलेला तोडगा हास्यास्पद वाटावा इतका साधा होता: सुकाणू मंद केले, म्हणजे हाताच्या मोठ्या हालचालीस चाक थोडेच वळेल. १९७१ साली पोमोना येथील हिवाळी स्पर्धा याच गाडीने जिंकली. काही वर्षांतच गोफण इतिहासजमा झाली.

नव्या गाडीवर पुढे जो पंख मोठा होत गेला, त्याने जुन्या पेचावरही उतारा दिला. उलट्या बसविलेल्या विमानाच्या पंखाप्रमाणे तो हवेच्या जोरावर मागची चाके खाली दाबतो. आजच्या गाडीत वेग वाढल्यावर हा दाब गाडीच्या वजनाच्या कित्येक पटींनी भरतो. चाकांना भार मिळतो, पण ओढून न्यावयाचे ओझे वाढत नाही. मात्र पहिल्या क्षणी, वारा नसताना, पंख निरुपयोगी. तेथे क्लचच्या चकत्या मुद्दाम घसरू देऊन रबर झेपेल तेवढीच शक्ती सोडावी लागते.

नायट्रोमिथेन हे स्वतःत प्राणवायू बाळगणारे इंधन जाळणाऱ्या ‘टॉप फ्युएल’ वर्गाच्या या गाड्या टनाहून थोड्याच जड असतात. २००६ साली टोनी शूमाकर यांनी पाव मैल ४.४२८ सेकंदांत कापला. त्या सुमारास अशा इंजिनांची शक्ती सुमारे आठ हजार अश्वशक्ती मानली जाई. घनमुळाच्या नियमाने वेळ पावणेचार सेकंदांच्या आसपास यावयास हवा होता. मधले साठ-सत्तर शतांश रबराने आणि हवेने खाल्ले.

त्या रेषेपलीकडे वजनाचे आणखी एक देणे बाकी असते. वेग घेतलेले ओझे थांबवावेही लागते. पॅराशूट आणि ब्रेक हे काम करतात, पण धावपट्टीची लांबी काही वेगाबरोबर वाढत नाही. २१ जून २००८ रोजी न्यू जर्सीतील इंग्लिशटाउन येथे स्कॉट कलिटा यांच्या गाडीचे इंजिन फुटले आणि ती न थांबता धावपट्टीच्या टोकापलीकडे गेली. त्यात त्यांचा मृत्यू झाला. पुढल्याच महिन्यात या इंधनवर्गांसाठी पाव मैलाचा पल्ला मोडून तो एक हजार फुटांवर आणण्यात आला. वाचलेले तीनशे वीस फूट थांबण्यासाठी राखले गेले. गाड्यांनी मात्र त्या हजार फुटांतही ताशी ३३० मैलांचा वेग ओलांडला आहे.